कुंपणात थेट लाईन सोडली तेव्हा

मी शेताच्या कुंपणाची एक जुनी झटका मशीन आहे. वरवट बकालच्या शिवारात, भागवत नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या खोलीत माझा मुक्काम असतो. मशीनला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण मित्रांनो, मला भीती वाटते, आणि तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म शेगावचा. एका लहानशा कारखान्यात आसमा नावाच्या मुलीने माझ्या पोटातल्या तारा जोडल्या. झाकण बसवण्याआधी तिने मला स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं, हात झटकला आणि हसत सुटली. माझं काम एवढंच. एक झटका द्यायचा आणि क्षणभर थांबायचं. तेवढ्या उसंतीत रानडुक्कर मागे फिरतं आणि जिवंत परत जातं.

भागवतने मला आणलं तेव्हा माझा थाट काय विचारता! हरभऱ्याभोवती तार, आणि तारेची मालकीण मी. दिवस मावळला की तो मला चालू करायचा, उजाडलं की बंद. त्यामुळे दिवसा कोणीही हाताने तार उचलून खुशाल पलीकडे जायचं. त्याची लेक छकुली तर खालून सरपटत यायची. पाहुणे आले की भागवत त्यांना आधी मला दाखवायचा, मग पीक.

गेल्या हिवाळ्यात विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरायला कोणीतरी आलं. राखणीला भागवतचे वडील वामनराव होते. त्यांनी हटकलं, तर चोरांनी त्यांच्या डोक्यात पहार घातली. म्हातारा वाचला, पण आता पोटच्या पोरालाच विचारतो, तुम्ही कोण? माझी तार चोरांनी आधीच तोडली होती. त्या दिवसापासून मी भागवतच्या मनातून उतरले. गाव आमच्याच शिवारातल्या गोविंदाकडे बोट दाखवत होतं. पोलिसांनी त्याची चौकशी केली, पण काही सापडलं नाही, म्हणून सोडून दिलं.

यंदा हरभरा घाट्यांवर आला. भागवतने मला खिळ्याला टांगलं आणि मोटारीच्या खटक्यातून थेट लाईन, म्हणजे मोटार चालवणारी वीजच, कुंपणात सोडायला घेतली. त्याची बायको आशाबाई दारात आडवी उभी राहिली. माणूस मरेल म्हणाली. मरू दे, त्याच्यासाठीच लावतो आहे, असं तो म्हणाला. ज्याने बापाला जिवंतपणी मारलं, त्याला मारण्यात कसलं पाप?

"तो पहार घेऊन तुमच्या अंगावर आला, तुमी काठी हाणली अन तो मेला, त मी तुमाले नाव ठेवणार नाही," आशाबाई म्हणाली. "पण तुमी तार लावून घरी झोपणार. कोण आला, काऊन आला, कोण पाह्यणार?"

भागवतने तिला बाजूला सारून तार जोडली. त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती आणि उजाडायच्या आत जायची. म्हणून सकाळी खटका पाडायची त्याला गरज वाटली नाही. मी मात्र खिळ्यावर धास्तावून गेले होते. ती लाईन थांबत नाही. एकदा धरलं की सोडत नाही.

आमच्याकडे लाईनची पाळी बदलते, मित्रांनो. सोमवार आला की रात्रीची लाईन दिवसाची होते. रागाच्या भरात भागवत वार विसरला. सोमवारी सकाळी तो लिंबाखाली भाकर खात बसला होता, आणि ऑटोवर ठेवलेली मोटार आपोआप सुरू झाली, म्हणजे कुंपणातही लाईन आली. घास त्याच्या हातातच राहिला.

नेमका तेव्हाच शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून गोविंदा येत होता. लाईन यायच्या आधीच त्याची बकरी आमच्या हरभऱ्यात शिरली होती. तिला हाका मारत तो सरळ तारेकडे निघाला. दिवसा तार उचलायची इथे सगळ्यांनाच सवय.

भागवत धावत खोलीत आला. त्याचा हात खटक्यापर्यंत गेला आणि थांबला. तो दारातून गोविंदाकडे बघत राहिला. तोंडातून शब्द नाही. मला ओरडायचं होतं, पण मला कुठला आवाज? गोविंदाने वाकून हात पुढे केला.

"गोविंदा, हात नको लावू बे," भागवत किंचाळला आणि त्याने खटका खाली ओढला.

गोविंदा जागीच थिजला. तारेत लाईन होती, हे भागवतने त्याला सांगितलं. ते ऐकून त्याचा चेहरा पांढरा पडला. बकरी धरून तो मागे वळून बघत बघत निघून गेला. पहार घालणारा तोच होता का, हे मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी लाईनची तार काढताना भागवतने आशाबाईला सगळं सांगितलं. आपण गप्प उभे राहिलो होतो, हेसुद्धा सांगितलं. "पण शेवटी वाचवलं ना मी त्याले," तो म्हणाला.

"तिथं आपली छकुली असती," आशाबाईने विचारलं, "त किती वेळानं ओरडले असते तुमी?"

भागवतने मला खिळ्यावरून काढलं आणि आशाबाईच्या हातात दिलं. कुंपणाची तार माझ्यात तिनेच बसवली.

आता मी पुन्हा कुंपण राखते. मित्रांनो, माणसाला मारणं कधी बरोबर असतं का, याचं उत्तर मशीनला विचारू नका. आणि तारेवर तर ते मुळीच सोपवू नका. ज्याला मारायला निघालात, त्याचं तोंड एकदा उजेडात बघा. आम्हा वस्तूंची एवढी निगा तुम्ही नक्की राखा, की आमच्या हातून कोणाचा जीव जाऊ नये.

डुकरांना मी कधीच घाबरले नाही. पण हल्ली भागवत खोलीत येऊन नुसता गप्प उभा राहिला, तरी मला भीती वाटते.