दुसऱ्या महिन्याची डबी

लॅबवाल्या बाईंचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. क्षयाचे जंतू दोन तासांत शोधून देणारं मशीन तीन आठवडे बंद पडून होतं आणि दुरुस्तीवाला फोनवर रोज "उद्या नक्की" म्हणत होता. म्हणजे पुन्हा काचपट्टी, लाल रंग, स्पिरिटचा दिवा आणि मान मोडेस्तोवर जुना मायक्रोस्कोप. त्यात लोकांना शंभरदा सांगावं की थुंकी नको, छातीतला बेडका हवा. तरी निम्म्या डब्यांत थुंकीच. पालथ्या घड्यावर पाणी.

आज एका डबीने मात्र त्यांना पुरतं हैराण केलं. काचेवर लाल काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू, नुसत्या बुजबुजल्या होत्या. तीन प्लस, याहून वरचा आकडा नाही. आणि डबीवर नाव शिवणकारखान्यातल्या त्या मुलीचं. दोन महिने औषध झाल्यावर बेडका पुन्हा तपासतात, तेव्हा जंतू दिसता कामा नयेत. ही पोरगी तर एकही गोळी न चुकवणारी, गाल भरलेले, पंधरा दिवसांपूर्वी कामावर परत गेलेली.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "औषध लागू पडत नाहीये. मोठ्या इस्पितळात भरती करू. जड औषधं देतील."

"अहो सर, चार किलो वजन वाढलंय तिचं."

"वजनाचं सोडा, बाई. बेडका खोटं बोलत नाही."

बाई मनातल्या मनात चरफडल्या. ती जड औषधं त्यांनी पाहिली होती. कुणाचे कान जातात, कुणाला अन्न नकोसं होतं. आणि भरती झाली की पोरीची नोकरी पहिल्याच आठवड्यात जाणार. सही करणाऱ्याचं काय जातंय? त्यांनी त्याच डबीतून दुसरी पट्टी केली. तेच. तिसरी केली. तेच. मग डॉक्टरांकडून एक दिवस मागून घेतला आणि मुलीला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी मुलगी आईला घेऊन आली. आई तोंडाला रुमाल लावून बाकावर टेकली. बाई मुलीला बाकामागच्याच पत्र्याच्या शेडखाली घेऊन गेल्या.

"माझ्यासमोर खोक."

मुलगी खोकली, खाकरली, डोळ्यांतून पाणी काढलं. डबीत पडली ती नुसती लाळ.

"मग कालची डबी कुणी भरली?"

मुलीने बाकाकडे पाहिलं. बाकावरून आईच म्हणाली, "अहो बाई, पोरीला काही केल्या येईना. पहाटेपासून खाकरत होती बिचारी. रिकामी डबी आणली तर तुम्ही ओरडता. म्हटलं, मला येतोय भरपूर, त्यात काय एवढं?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "काकू, ही काय साखर आहे का हो, शेजारणीला वाटी भरून द्यायला?"

मग त्यांनी दोघींना जे फैलावर घेतलं ते औषधवाटपाच्या खिडकीपर्यंत ऐकू गेलं. बोलता बोलता मात्र त्यांची जीभ जड झाली. डबी आपल्या डोळ्यांदेखत भरून घ्यायची, हा नियम. रांग मोठी म्हणून डब्या घरी द्यायची पद्धत त्यांचीच. आणि बरी होत आलेली पोर बेडका आणणार कुठून? हा प्रश्न आत्ता सुचत होता. त्यांना स्वतःचाच राग आला.

त्या आत गेल्या. लाळ तर लाळ, तिचीच पट्टी केली आणि कोपरा न् कोपरा पाहिला. एकही लाल काडी नव्हती. कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून, सगळा प्रकार सांगून, त्यांच्याकडून भरतीची चिठ्ठी फाडून घेऊनच त्या बाहेर आल्या.

"काकू, खोकताय कधीपासून?"

"होईल महिना-दीड महिना. माझं राहू द्या. हिला पाठवणार का तिकडे?"

"नाही. हिच्यात काही दिसलं नाही. आहेत तीच औषधं पुरी करायची."

"सुटलो बाई," म्हणत आई उठलीच. "चल गं, दुपारची पाळी तरी गाठशील." ती इतकी खुशीत होती, की तिचा दंड धरून तिला परत बाकावर बसवणं बाईंच्या जिवावर आलं. तरी त्यांनी बसवलं, आणि कोरी डबी तिच्या हातात दिली.

"काकू, कालचे ते जंतू कुणाचे होते, येतंय का लक्षात?"

"येतंय की," आई म्हणाली. "पोरीचे नव्हते."