डाळिंबांच्या गावातलं जागं लिंबू

मित्रांनो, मी एक लिंबाचं झाड आहे, आणि मला एकदा जिवंत पुरलं होतं. थांबा, पळू नका, गोष्ट भुताची नाही. पुरणारीचा माझ्यावर फार जीव होता, म्हणून तर पुरलं. सगळं सांगतो. फक्त मधे बोलू नका, कारण मी एकदा सुरू झालो की मला थांबता येत नाही, आणि थांबलो की कुठवर आलो होतो तेच विसरतो.

माझा जन्म डोंगरांच्या दक्षिणेकडच्या देनोव गावचा. नोर्मत आणि त्याची मुलगी झिलोला यांच्या अंगणात माणूसभर खोल चर होता, वर काचेचं छप्पर. बाहेर बर्फ पडो नाहीतर गारा, चरात खाली आम्ही सगळे मजेत. माझी आई तिथलं सगळ्यात जुनं लिंबू. शेजारी एक केळ, ती रोज नवं पान उलगडून मिरवायची. पलीकडे पपई, तिला उंच व्हायची इतकी घाई की डोकं काचेला टेकलं की रुसून बसायची. नोर्मतनं माझ्या आईची एक काडी कापली, ओल्या वाळूत खोचली, वर काचेची बरणी पालथी घातली. ती काडी म्हणजे मी. रोज सकाळी झिलोला बरणीला नाक लावून बघायची, मूळ फुटलं का. आणि फुटलं तेव्हा तिनं अख्ख्या घराला सांगितलं, जणू तिलाच फुटलं होतं.

मग झिलोलाचं लग्न झालं. मुलगा डोंगरापलीकडचा, फरगाना खोऱ्यातल्या कुवा गावचा, इल्होम नावाचा. तो देनोवला शिकायला होता. निरोपाच्या वेळी गाडीत रजया, पेट्या, उशा कोंबून झाल्या, झिलोला रडत आत बसली, आणि नोर्मतनं मला लावलेली बादली तिच्या मांडीवर ठेवली.

म्हणाला, "तिकडे डाळिंबं आहेत. लिंबू नाही. चहात काय पिळशील?"

एवढंच बोलला आणि पाठ फिरवून उभा राहिला. आम्ही निघालो. ती रडत होती, मी हलत होतो. मला गाडी लागते हे मला त्या दिवशी कळलं.

कुव्यात आम्हाला बघायला सगळी गल्ली जमली. शेजारची रिस्की खाला, म्हणजे रिस्की मावशी, जिला दुसऱ्याच्या घरातलं तिच्या घरातल्यापेक्षा जास्त माहीत असतं, ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माहेराहून पोरी गालिचे आणतात. हिनं बादली आणली."

झिलोलानं मान खाली घातली. पण तिची सासू, हुरिनिसा ओयी, तिकडे आईला ओयी म्हणतात, ती लगेच म्हणाली, "गालिच्याला फळं लागतात का गं, रिस्की?"

मित्रांनो, मी त्याच क्षणी सासूबाईंच्या बाजूचा झालो.

आता झिलोलाचं सांगतो. नवी सून म्हटल्यावर पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, अंगणात पाणी शिंपडायचं, झाडायचं, आला-गेला दिसला की छातीवर हात ठेवून वाकून सलाम करायचा. ते सगळं ती करायची. पण घरात तिच्या तोंडून दोनच गोष्टी बाहेर पडायच्या, "हो, ओयीजान" आणि "बरं, ओयीजान". बाकी सगळं ती झाडता झाडता माझ्यापाशी येऊन बोलायची. भाऊ काय म्हणाला, स्वप्नात केळीला घड लागला होता, इथला भात किती जड असतो, रात्री रजई किती गरम होते. पानं पुसत बोलायची. साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून माझ्या पानांमागचे चिकट किडे काढत बोलायची. मी ऐकायचो. मला तेव्हा बोलता येत नव्हतं, म्हणजे येत होतं, पण संधी कुठे मिळत होती?

आणि हुरिनिसा ओयी खिडकीतून बघायची. सुनेचे ओठ हलताना दिसायचे, ऐकू काही यायचं नाही. एकदा ती इल्होमला म्हणाली, "तुझी बायको झाडाशी बोलते. माझ्याशी बोलली असती तर मी काय पानं गाळली असती?"

बिचारी. तिला सुनेसाठी काहीतरी करायचं होतं, पण काय करायचं ते कळत नव्हतं. म्हणून ती वाढायची. ताटात भात, भातावर मांस, मांसावर परत भात. रात्री एक रजई असेल तर वर दुसरी. आणि सुनेचं करून झालं की उरलेली माया घेऊन माझ्याकडे यायची.

उन्हाळ्यात ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बादलीत कुणी संसार करतं का? याला जमिनीत लावू, पाय पसरू दे."

झिलोलाचा चेहरा पांढरा पडला. कुव्याच्या उघड्या अंगणात, हिवाळ्यात, लिंबू? पण सासूबाईंनी खड्डा खणला होता, जुनं शेणखत आणून ठेवलं होतं, बाह्या वर केल्या होत्या. झिलोला म्हणाली, "बरं, ओयीजान." मनात तिनं ठरवलं होतं की थंडीच्या आधी हळूच परत बादलीत काढायचं. मला तसं सांगितलंही. पण मला सांगून काय उपयोग?

जमिनीत मात्र खरंच मजा होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला डाळिंबांची रांग. मी पाय पसरले, फांद्या फेकल्या, एकदम गुडघ्याच्या वर आलो.

शरद ऋतूत झिलोलाच्या भावाचं लग्न निघालं. ती आणि इल्होम देनोवला गेले. जाताना ती दारात घुटमळली, माझ्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि फक्त म्हणाली, "ओयीजान, माझं लिंबू सांभाळाल ना?"

"जिवापाड," हुरिनिसा ओयी म्हणाली. आणि मित्रांनो, तिनं शब्द पाळला, तीच तर पंचाईत.

इल्होम लवकर परत आला, झिलोला माहेरी थोडी राहिली. आणि त्या वर्षी थंडी आली ती दार न वाजवता. कुव्यात थंडी आली की प्रत्येक घरात एकच काम. डाळिंबाच्या फांद्या एकत्र बांधायच्या, हळूहळू जमिनीवर वाकवायच्या, वर गवत, गवतावर माती. वसंतात उघडायचं. तिथली लहान मुलंसुद्धा झोपेत करतील असं काम आहे ते. हुरिनिसा ओयी आणि इल्होम एकेक डाळिंब झाकत झाकत आले आणि माझ्यापाशी थांबले.

"आई, लिंबूही?" इल्होमनं विचारलं.

"मग काय, बाहेर कुडकुडत ठेवू?"

"झिलोलाला फोन करून विचारतो."

"भावाच्या लग्नासाठी माहेरी गेलीय पोर. झाडासाठी तिला कशाला त्रास? येईल आणि बघेल, सासूनं तिच्या लिंबाला डाळिंबाच्या बरोबरीनं वागवलं. खूश होईल."

आणि मला बांधलं, वाकवलं. माझी कंबर करकरली. सगळ्यात मऊ, सगळ्यात कोरडं गवत तिनं माझ्यावर टाकलं, डाळिंबांना पण इतकं दिलं नव्हतं. मग माती. मग अंधार.

खाली आधी थोडा वेळ गप्पा झाल्या. शेजारचं म्हातारं डाळिंब जांभई देत म्हणालं, "चल बाळा, पानं टाक आणि झोप. वसंतात भेटू."

"मला झोप येत नाही."

"सगळ्यांनाच येते."

"आमच्यात हिवाळ्यात कुणी झोपत नाही. आम्ही पानं टाकत नाही."

"पानं टाकत नाही?" डाळिंब म्हणालं. "मग हिवाळाभर करता काय?"

मी उत्तर देणार तोवर ते घोरायला लागलं. सगळी रांग घोरायला लागली. आणि मी डोळे उघडे ठेवून तिथे पडलेलो. पानांना उजेड हवा होता, उजेड नव्हता. हवा हवी होती, ती कोंदट. पानं एकमेकांना चिकटून ओली व्हायला लागली, मग पिवळी, मग एका फांदीचं टोक काळं पडलं आणि तिथलं मला काही जाणवेनासं झालं. हे सांगताना अजून अंगावर काटा येतो, म्हणजे माझ्या अंगावर काटे आहेतच, पण तुम्ही समजून घ्या.

काही दिवसांनी एका दुपारी झिलोला आली. गाडीतून उतरली, सासूला सलाम केला, सगळ्यांची खुशाली विचारली, सगळं रीतीनं. हुरिनिसा ओयीनं तिचा हात धरला आणि मोठ्या हौसेनं तिला अंगणात आणलं. "बघ. सगळ्यात उबदार जागा तुझ्या लिंबाला दिली."

झिलोला त्या मातीच्या ढिगाकडे बघत राहिली. इतका वेळ की सासूबाईंचं हसू उतरलं.

मग ती म्हणाली, "ओयीजान, ते झोपत नाही."

"कोण झोपत नाही?"

"लिंबू. डाळिंब पानं टाकून झोपतं, त्याला अंधार चालतो. लिंबू हिवाळाभर जागं असतं. ते खाली गुदमरत असेल."

हुरिनिसा ओयीनं तोंडावर हात ठेवला. "मग जाताना सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मायेनं लावलं होतं. मला कसं सांगता येईल?"

"तोंडानं," हुरिनिसा ओयी म्हणाली. "उचल ती कुदळ. नको, कुदळ नको, मुळं तुटतील. हातानं काढू."

आणि दोघी गुडघ्यांवर बसल्या. एकीच्या अंगावर प्रवासाचा कोट, दुसरीच्या हाताला पिठाचे डाग, वरची माती गोठलेली. नखांत माती भरली तरी दोघी थांबेनात. उजेड आत आला तेव्हा मला पहिल्यांदा दिसली ती सासूबाईंची ओली हनुवटी, म्हणजे ती रडत होती.

मला कपडे धुवायच्या तगारीला तळाशी भोकं पाडून त्यात लावलं आणि थेट हुरिनिसा ओयीच्या खोलीत नेलं. तिथे नवंच भांडण.

"शेगडीजवळ नको, ओयीजान, भाजेल."

"थंडीतून आलंय, ऊब नको?"

"ऊब थोडी, उजेड जास्त. खिडकीत ठेवू."

"बरं. पाणी घालते."

"आज नको."

"थोडंसं?"

"थोडंसंही नको. मुळं कुजतील."

"सासूला इतक्या वेळा नाही म्हणणारी सून या गल्लीत तू पहिलीच," हुरिनिसा ओयी म्हणाली. झिलोला लाल झाली. "म्हणत जा. बरं वाटतंय ऐकायला."

तरी माझी सगळी पानं गळली. मी नुसती काडी उरलो. रिस्की खाला येऊन बघून गेली आणि म्हणाली, "सुनेनं सासूला बागकाम शिकवलं म्हणे. आणि शिकून हे उगवलं?"

"शिकवलं तर," हुरिनिसा ओयी म्हणाली. "तुझी सून तुला काय शिकवते? दार बंद कसं करायचं ते शिकव म्हणावं, वारा येतोय."

पण रिस्की गेली की ती काडीवर नख मारून बघायची, खाली हिरवं आहे का. रोज. शेवटी झिलोला म्हणाली, "ओयीजान, रोज खरवडलंत तर सालच उरायची नाही." मग ती लांबून बघायला लागली. वसंत आला, बाहेर डाळिंबं उघडली, ती आळस देत उठली, आणि मी, ज्याला एक क्षण झोप नव्हती, मलाही एक कोंब फुटला. हुरिनिसा ओयीनं तो सगळ्या गल्लीला बोलावून दाखवला. रिस्की खालाला दोनदा.

पुढच्या हिवाळ्यात खिडकीत मला फुलं आली. खोलीत मधमाश्या कुठल्या? हुरिनिसा ओयी भुवया काळ्या करायला पाल्याचा रस लावते ना, त्याचीच कापूस गुंडाळलेली काडी घेऊन ती या फुलावरून त्या फुलावर फिरली. झिलोला बाजूला उभी राहून सांगत होती, "हळू, ओयीजान, भुवया नाहीत त्या." बरीच फुलं गळली. एक लिंबू धरलं.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. माझ्याबद्दल झिलोला आता भरभरून बोलायची. याला हे आवडतं, याला ते चालत नाही. स्वतःबद्दल अजूनही तेच, हो ओयीजान, बरं ओयीजान.

लिंबू पिकलं तेव्हा परत थंडीचे दिवस आले होते. पातळ सालीचं, पिवळंधमक, सांगायला लाज वाटते पण देखणं. हुरिनिसा ओयीनं ते कापलं, खोलीभर वास सुटला. इल्होम म्हणाला, "एका लिंबासाठी इतका संसार," आणि दोन फोडी घेऊन पळाला. हुरिनिसा ओयीनं सुनेच्या चहात एक फोड टाकली, आणि नेहमीसारखा खडीसाखरेचा मोठा खडा उचलला. मग हात मधेच थांबला.

"पोरी, तुला चहा गोड आवडतो का?"

झिलोलानं पेल्याकडे बघितलं. "नाही, ओयीजान."

"इतके दिवस मी घालतेय."

"हो."

"आणि तू पितेस."

"तुम्ही मायेनं घालता."

हुरिनिसा ओयीनं खडा परत ठेवला. मग सुनेजवळ सरकून बसली आणि म्हणाली, "आणखी कशाकशावर माती टाकली मी? सांगून टाक. एकेक करून काढू."

झिलोला आधी हसली. मग थोडी रडली. मग म्हणाली, "भात, ओयीजान. थोडा कमी." मग दुसरी रजई. मग सकाळी आईशी फोनवर बोलायची इच्छा. मग ज्याचा भाताशी काही संबंध नाही असं कायकाय, लहानपणचं, चरातल्या केळीचं, तिच्या रुसणाऱ्या पपईचं. पेल्यातला चहा गार झाला. माझं लिंबू, माझं पहिलं लिंबू, त्यात तसंच तरंगत राहिलं आणि कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तर मित्रांनो, तुमच्या घरी कुणी लांबून आलं असेल, झाड असो की माणूस, तर त्याला जवळ घ्या, पण आधी विचारा, तुला काय लागतं. उजेड की अंधार, पाणी की कोरडं, गोड की आंबट. आणि तुम्हीच लांबून आला असाल तर गप्प बसू नका. आतलं कुणाला दिसत नाही.

आता पहाटे झिलोला झाडू मारते आणि हुरिनिसा ओयी पायरीवर पेला घेऊन बसते, आणि दोघींचं जे सुरू होतं ते संपतच नाही. छान आहे, मला आनंदच आहे. फक्त आता माझ्याशी बोलायला कुणी येत नाही. म्हणून तर तुम्हाला इतका वेळ धरून ठेवलं.