ऑल्डरकोमची माती

आम्ही बसमधून उतरलो तेव्हा ऑल्डरकोम गाव आमच्याकडे पाठ करून बसलं होतं. एकाही घराला पुढची बाजू नव्हती. नुसत्या दगडी भिंती, पन्हळी, दोरीवर वाळत घातलेले पायमोजे. आम्ही वळसा घालून पलीकडे गेलो, तर तिकडूनही पाठच. मी ह्यांना म्हटलं, यापेक्षा मांडवात रुसून बसलेली विहीण परवडली. हे हसले. ह्यांना सगळं चालतं, आणि तेच माझं दुखणं आहे.

आमची लेक ऋता ब्रिस्टलला असते. तिनेच आम्हाला धाडलं होतं. जुनं चर्च आहे, पवित्र झरा आहे, निळ्या फुलांचं रान आहे, आणि बाबांसाठी पडका किल्लाही आहे, म्हणाली. परतीची बस संध्याकाळी एकच, तेवढी चुकवू नका.

चर्चच्या फाटकाशी मिसेस पिंकनी म्हणून एक बाई उभ्या होत्या. गावातल्या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या मंडळाच्या. अख्ख्या गावात तोंड असलेल्या त्या एकट्याच, आणि त्या तोंडानेही नाकाने कांदे सोलत होत्या. कुठेही फिरा म्हणाल्या, पण इथलं जे आहे ते इथंच राहतं, एवढं ध्यानात असू द्या. मी मान डोलावली. ह्यांचं लक्ष किल्ल्याकडे होतं.

चर्चमध्ये थडग्यावर एक दगडी सरदार उताणा झोपला होता. आम्हाला बघून तो कूस बदलून भिंतीकडे वळला. शेजारी झोपलेली त्याची दगडी बायको मात्र माझ्या साडीचा काठ निरखत राहिली. झऱ्यावर मी पाणी प्यायला वाकले तर पाणी खाली गेलं. ओंजळ मागे घेतली की वर यायचं. मी त्याला मराठीतून दोन शब्द सुनावले. रानात पाय ठेवला तशी फुलांनी माना फिरवल्या. हे म्हणाले, बुजरी असतील. मी म्हटलं, बुजरी कसली, शिष्ट आहेत मेली.

मग किल्ला आला. एक हिरवी टेकडी आणि तिच्यावर अर्धी भिंत, बस. आमच्या साताऱ्याकडे असल्याला कुणी किल्ला म्हणणार नाही. पण ह्यांना किल्ला दिसला की पुरे. तरुणपणापासून रविवार आला की हे गडावर, आणि मी डबा घेऊन पायथ्याला. गडाची पहिली पायरी लागली की वाकायचं, चिमूटभर माती उचलायची, कपाळाला लावायची आणि मगच वर चढायचं. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मी अडवायच्या आत हे वाकले आणि माती कपाळाला लावून मोकळे झाले.

"अहो, हा आपला गड नाही," मी म्हटलं.

"माती ती मातीच," हे म्हणाले.

वारा पडला. खाली गावातली सगळी घरं एकदम वळली. दारं दिसली, दारांत उभी माणसं दिसली. ती तोंडं बघितल्यावर वाटलं, पाठच बरी होती.

मी पदराने ह्यांचं कपाळ पुसलं. खाली आणखी माती होती. ती पुसली, तर तिच्याखाली गवताचे कोंब. मी कोंब उपटायला लागले. हे म्हणाले, ओढू नकोस, दुखतं. हात दाखवून अवलक्षण ते हेच, मी म्हटलं, चला आधी खाली.

मिसेस पिंकनी दोरी आणि खुंट्या घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी ह्यांच्याभोवती खुंट्या ठोकायला घेतल्या, आवाज न चढवता.

"मिस्टर टिळेकरांना आता हलवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "किल्ल्याची ही बाजू फार काळ रिकामी होती."

मी त्यांच्या हातातली दोरी हिसकावून फेकली, ह्यांचा हात धरला आणि उताराला लागले. टेकडी आमच्या मागून यायला लागली. चर्च सकाळी केवढं लांब होतं, ते आता वाटेतच येऊन बसलेलं. त्याला वळसा घातला तर झरा आडवा. झरा ओलांडला तर रान दोन्ही अंगांनी आत सरकलेलं, काटेरी कुंपणं माझ्या दंडांना ओरबाडायला लागली. वाट आधी दोघांपुरती होती, मग एकापुरती झाली. मी पुढे, हे मागे, आणि ह्यांच्या पाठीला चिकटून टेकडी.

बसथांबा दिसला आणि ह्यांचे पाय थांबले. वळून बघते तर गुडघ्यापर्यंत गवत. बघता बघता टेकडीने ह्यांना कमरेपर्यंत आत घेतलं. कुंपणापलीकडे गावकरी उभे होते. त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता की उगवतीकडून फोटो चांगला येईल.

"तू हो पुढे," हे म्हणाले. "मला इथं बरं वाटतंय."

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. जन्मभर ह्या माणसाला डोंगर माझ्यापेक्षा जवळचे, आणि आता डोंगरही कुठला, तर ह्या परक्यांचा! मी म्हटलं, अहो, तुमचं तुम्हाला बरं वाटत असेल, मला नाही वाटत. मी तुम्हाला घरी नेणार म्हणजे नेणार. ऋताला तोंड काय दाखवू? तोवर ह्यांच्या तोंडापर्यंत माती आली होती. मोकळा राहिला तो उजवा हात, आणि तो माझ्या हातात होता.

तेवढ्यात बस आली. रुतलेली बैलगाडी ट्रॅक्टरला बांधून ओढून काढतात, ते मी माहेरी कितीदा पाहिलेलं. बस टेकडीला अगदी घासून थांबली होती. मी ह्यांचा हात उघड्या खिडकीतून आत दिला, पळत चढले, त्या खिडकीशी बसले आणि मनगट दोन्ही हातांनी धरलं. ड्रायव्हरला म्हटलं, सोडा गाडी, चांगली जोरात सोडा.

बस निघाली. हाताला हिसका बसला. मला वाटलं, आता निघाले हे. निघाले नाहीत. हात लांब झाला. कोपर खिडकीबाहेर गेलं, मग दंड, मग पुन्हा नुसता हातच, शर्टाच्या बाहीसकट. बस चर्चवरून गेली, झऱ्यावरून गेली, वळणावर वळली. टेकडी दिसेनाशी झाली तरी कुंपणांवरून हात येतच होता. मनगट गरम होतं. नाडी लागत होती.

"बाई, काच लावून घ्या," ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला. "मागच्यांना गार लागतंय."

मागे कुणीच नव्हतं. ह्यांनी माझी बोटं घट्ट आवळली, आणि काच आपली आपण खालून वर सरकायला लागली.