न लावलेली कडी

"पानाचा कोपरा दुमडायचा नाही, आणि शेवट आधी वाचायचा नाही. तेवढं मला कबूल कर," पालघरच्या शाळेतल्या चंद्रकांताबाई सुट्टी लागताना म्हणाल्या होत्या. पुष्पलताने मान डोलावली होती, आणि तपकिरी कव्हरातली ती जाड कादंबरी छातीशी धरून ती घिवलीला घरी आली होती. शाळा उघडली की पुस्तक परत द्यायचं होतं.

घरी तिच्या वाट्याला काम आलं कावळे हाकायचं. अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, आणि समोर आत्याच्या ओटीवर पुष्पलता, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पुस्तक. काठी हमखास विसरायची.

"पुष्पे, कावला बोंबील घेऊन गेला गो!" काशीआत्या ओरडायची. शेवटी एक दिवस तीच म्हणाली, "मनातल्या मनात काय वाचतेस? मोठ्यानं वाच. बोंबील मी राखते."

काशीबाईला अक्षर येत नव्हतं. श्रावणात पोथी लागायची, ती हात जोडून ऐकायची, एवढंच तिला वाचन ठाऊक. म्हणून तिने आधी पाय धुतले, पुस्तक पाटावर ठेवलं, त्याला बोटाने कुंकू लावलं आणि वर चाफ्याचं एक फूल वाहिलं.

"आते, ही पोथी नव्हे. कादंबरी आहे. शाळेची आहे, डाग पडेल ना!"

"अक्षर हाय ना? मंग देवाचंच."

टोपली घेऊन जाणारी शेजारची रंभाबाई थबकली. "काय गो काशी, कोन देव हाय तुज्या पोथीत?"

"देव नाय. बाई हाय. वत्सला. तिचा घोव लढाईवर गेलाय."

रंभाबाईच्या ओठांवरचं हसू तिथेच विरलं. टोपली सावरत ती निघून गेली.

काशीबाईचा नवरा भिका होडी घेऊन गेला, तो परतला नव्हता. होडीची फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. त्यामुळे काशीबाईचं कुंकू आणि बांगड्या होत्या तशाच राहिल्या. बारा वर्षं वाट पाहायची, मग गवताचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा आणि कुंकू पुसायचं, अशी रीत. ती बारा वर्षं या पावसाच्या आधी भरत होती.

"बाय, भटजीला काय सांगू?" एकनाथने विचारलं. तो काशीबाईचा धाकटा भाऊ, पुष्पलताचा बाप.

"पोथी लागलीय रे. अर्ध्यात उठता येत नाय. पुरी झाली का तू म्हनशील तवा येते. शब्द देते तुला."

एकनाथने लेकीकडे नुसतं पाहिलं.

तोवर पुष्पलता कादंबरीत स्वतःलाच शोधत होती. वत्सलासारखा पदर घेऊन आरशासमोर उभी राहायची, तिच्यासारखं हळू बोलून बघायची. पण एका सकाळी वाचता वाचता ती अडखळली. 'वत्सला रात्री दाराला कडी घालत नसे. न जाणो, तो अपरात्री आला तर.'

आत्याच्या दाराला आत-बाहेर दोन्हीकडे कड्या होत्या. त्या लावलेल्या पुष्पलताने जन्मात पाहिल्या नव्हत्या. आत्या बाजाराला गेली तरी दार नुसतं लोटलेलं असायचं. लहानपणी ती वाटेल तेव्हा आत शिरायची. ते दार आपल्यासाठीच उघडं असतं, असं तिला वाटायचं.

तिने मान वर केली. काशीबाई समुद्राकडे बघत काठी हलवत होती. वलांडीवर एकही कावळा नव्हता.

त्या दुपारी वाडीत जाऊन पुष्पलताने बाईंना दिलेला शब्द मोडला. शेवट वाचला. वत्सलाचा नवरा येत नव्हता.

मग तिचं वाचन रेंगाळू लागलं. कधी घसा दुखायचा, कधी वाचलेलंच पान पुन्हा निघायचं.

"हे काल झालं की गो," काशीबाई म्हणायची, आणि तरीही ऐकायची.

अखेर शाळा उघडायला आली, आणि पानंही सरली. त्या दिवशी पुष्पलताने पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "दारावर थाप पडली. वत्सलाने दार उघडलं, तर समोर तोच उभा..."

"पुष्पे, तोंडचं सांगतेस."

"नाही आते."

"वाचताना तुजी मान खाली असते. आता वर हाय."

पुष्पलताचे डोळे भरून आले. "तो यायला हवा होता, आते."

"मना पन हवा होता. पन असंल तसं वाच, बाय. पोथीत आपलं घालू नये."

पुष्पलताने मान खाली घातली आणि वाचलं. दारात एक परका वाटसरू आला होता, थंडीने कुडकुडत. दरवर्षी उन्हात घालून ठेवलेला नवऱ्याचा कोट वत्सलाने त्याला देऊन टाकला. 'तो गेल्यावर तिने दाराला कडी घातली आणि अंथरुणावर पडली. कितीतरी वर्षांनी तिला झोप लागली.'

"परत वाच."

तिने परत वाचलं.

"रागावली नाय ना त्याच्यावर?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मंग नाय रागावली," काशीबाई म्हणाली. तिने पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावला.

पुष्पलता काठी घेऊन बसून राहिली. सबंध पुस्तकात आपल्यासारखी कोणी सापडते का, हे ती महिनाभर पाहत होती. सापडली ती पुस्तकात नसलेल्या त्या एका वाक्यात. कोणाचं दुःख समोर बघवत नाही म्हणून खोटं बोलणारी मुलगी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकनाथ गवताची पेंढी घेऊन ओटीपाशी येऊन थांबला. भटजी किनाऱ्यावर पुढे गेले होते. काशीबाईने न्हाऊन करंडा उघडला. बोट सवयीने कपाळाकडे निघालं, वाटेत थबकलं, आणि खाली येऊन पाटावरच्या पुस्तकाला लागलं.

"बाईंना सांग, डाग माजा हाय म्हनून."

बाहेर येऊन तिने दार ओढलं. खाऱ्या वाऱ्याने कडी गंजून घट्ट झाली होती. एकनाथ पुढे झाला.

"राहूदे," ती म्हणाली.

तळहाताने ठोकत ठोकत तिने ती कोयंड्यात बसवली. एकदा ओढून पाहिली. मग भावाच्या पुढे होऊन तिने किनाऱ्याची वाट धरली.