कपाशीची तीन फुले

मी एक जुना हिरवा हातफवारा आहे. अकोल्याच्या जठारपेठेत, चंदाताईंच्या फुलांच्या दुकानात गेली सहा वर्षे काम करतो. खटका दाबला की माझ्या तोंडातून बारीक तुषार उडतात आणि फुले टवटवीत राहतात. पूर्वी ताई माझे कौतुक करत. आता खाऱ्या पाण्याने माझे तोंड अर्धे बुजले आहे आणि मी कोपऱ्यात असतो.

मित्रांनो, एकदा माझ्यावर आळ आला. संध्याचे लग्न होते, बौद्ध पद्धतीचे. म्हणून गुच्छ पांढराच हवा होता. ताई अर्थ पाहून फुले निवडत. निशिगंध निर्मळ मनासाठी, शेवंती दीर्घ आयुष्यासाठी. संध्याने कपाशीची तीन फुलेही मागितली. ती लहानपणापासून अमरावतीच्या वसतिगृहात शिकलेली, शेतात दिवसभर कधी राहिली नव्हती. त्या फुलांचा तिच्यासाठी अर्थ होता वडिलांचे शेत. वडील देवमन यांनी दर्यापूरहून सकाळीच ती आणून दिली. दुधासारखी पांढरी होती. ताईंनी गुच्छ बांधला, मी पाणी मारले. मग तो कागदात गुंडाळून ताई मलाही सोबत घेऊन मंडपात गेल्या.

चार वाजता मंडपात गुच्छ उघडला, तर तिन्ही फुले गुलाबी!

नवरदेवाची आई सुंदराबाई कडाडल्या, "पांढरे फुलं सांगतले होते ना? रंग मारला काय व?"

"नाही बाई, सादं पाणीच हाय," ताई म्हणाल्या.

"मंग गुलाबी काहून झाले? फेका तो गुच्छ!"

संध्याचे डोळे भरले. भन्तेजी आसनावर बसले होते. दुसरा गुच्छ आणायला वेळ नव्हता. मला स्वतःचीच शंका आली. मागे शेवंती रंगवायला माझ्यात गुलाबी रंग भरला होता. तो तळाशी राहिला असेल तर?

ताईंनी मला उचलले आणि पांढऱ्या रुमालावर फवारले. मी धास्तावून पाहिले. रुमाल पांढराच राहिला.

"रुमालाचं राहू दे. फुलाचं सांग," सुंदराबाई म्हणाल्या.

तेवढ्यात देवमन आत आले. गुच्छ पाहून हसलेच. "इहीणबाई, तुमी शहरातल्या. तुमाले कापूस गादीतच दिसला! हे फूल सकाळी पांढरं उमलते, दिवस कलला का गुलाबी पडते. वावरात असं फूल दिसलं का आमी म्हनतो, आता बोंड धरते."

सुंदराबाईंनी एक फूल निरखून पाहिले. कडा गुलाबी, आतला भाग अजून फिका.

"मंग हे मले आदी सांगा ना," त्या पुटपुटल्या आणि गुच्छ संध्याच्या हाती दिला. "धर व पोरी. घट्ट धर."

मित्रांनो, फुलाला अर्थ देण्याआधी दिवसभर त्याच्याकडे पाहा. आणि आमच्यासारख्या वस्तूंना दोष देण्याआधी थोडे थांबा. आम्हाला 'मी नाही केले' असे म्हणता येत नाही.