लिंबाच्या खड्ड्यातली दुलई

मित्रांनो, मी एक जुनी दुलई आहे. जुनी असूनही पुष्कळ वर्षे मी कोरी राहिले, यात माझा काही पराक्रम नाही. मला कोणी अंगावर घेतलेच नाही.

फरगाना खोऱ्यातल्या एका गावात मुकर्रम नावाच्या बाईने, लेक साओदत पाळण्यात असतानाच, तिच्या लग्नासाठी मला शिवले. आत खोऱ्यातलाच कापूस, वर लाल साटीन. मग घडी घालून मला बैठकीच्या मोठ्या कोनाड्यात, दुलयांच्या चळतीवर सर्वांत वर बसवले. आमच्याकडे चळत जितकी उंच, तितकी घराची अब्रू उंच. पाहुणे माझे कौतुक करत. हिवाळ्यात घरची माणसे जुने कोट पांघरून कुडकुडत झोपत, आणि मी मणभर ऊब पोटात घेऊन ते वरून बघत असे. याला मला जपणे म्हणत.

अंगणात एक खोल खड्डा होता. त्यात, हिवाळ्यात गोठू नयेत म्हणून काचेच्या छपराखाली, लिंबाची चार झाडे. मुकर्रमच्या नवऱ्याने, पोलातने, ती लावली तेव्हा शेजारी म्हणाले होते, "पोलात, आता उंटाला पोहायला शिकव!" पोलात वारला. झाडे मात्र दर हिवाळा गॅसच्या शेगडीवर काढत राहिली. शेजारी ताप आला की लिंबू मागायला येत. तेव्हा उंटाचा विषय निघत नसे.

एका जानेवारीत बर्फ पडायचा थांबला आणि खरी थंडी सुरू झाली. गॅसचा दाब घसरत गेला आणि दुपारी खड्ड्यातली शेगडी विझली. घरात लाकूड होते ते चुलीपुरते. त्यात दुसऱ्या दिवशी साओदतला मागणी घालायला बायका येणार होत्या.

साओदत खड्ड्यातून धावतच वर आली. "आई, पानं मऊ पडायला लागलीत. दुलया काढ."

"वेडी का गं तू? उद्या त्या बायका आधी कोनाडा बघतील, मग तुला."

"मग कोनाड्याचंच लग्न लाव."

"जीभ बघा! अगं, मातीत लोळलेली दुलई कोण सासरी नेतं?"

"मी नेईन. बाबांची झाडं गेली तर काय चळतीवर चढून रडू?"

मुकर्रम स्टुलावर चढली. सर्वांत आधी तिने मलाच ओढले.

मायलेकींनी झाडांभोवती काठ्या रोवल्या आणि आम्हाला तंबूसारखे वर टाकले. लिंबाचे काटे माझ्या साटीनमध्ये शिरले. मी टरकन फाटले, आणि खरे सांगते, बरे वाटले. माझ्या कापसाला पहिल्यांदाच काम मिळाले होते. थंडी काचेवरून सरकत खाली आली. मी म्हटले, ये, बघू तुझे किती चालते ते.

सकाळी बायका आल्या. त्यांची म्होरकी होसियत बसायच्या आधीच रिकाम्या कोनाड्याकडे बघत राहिली.

"मुकर्रम-ओपा, दुलया धुवायला टाकल्या वाटतं? एवढ्या थंडीत?"

"नाही. लिंबांना पांघरल्यात."

"लिंबांना! आमच्या सुनेचं पांघरूण?"

"अजून ती तुमची सून झालेली नाही."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. थंडीत बोलत राहिलं की तोंड तरी गरम राहतं."

आमच्याकडे रोटी मोडली की सोयरीक ठरली. होसियतने रोटीला हात लावला नाही, चहा अर्धा टाकला आणि सगळ्या उठून गेल्या. मायलेकींनी ती रोटी मोडली, उभ्याउभ्याच खाल्ली आणि खड्ड्यात उतरल्या. मुकर्रमने हळूच माझा कोपरा उचलला. खड्ड्यात उतरायच्या दाराजवळचे एक झाड काळवंडले होते. उरलेली तीन हिरवी होती, फळांसकट. मुकर्रम एका पानाला गाल लावून बराच वेळ उभी राहिली.

आज माझ्यावर डाग आहेत, ठिगळे आहेत, लिंबाचा वास आहे. दर हिवाळ्यात मी खड्ड्यात असते. कोनाड्यात परत जायला मी तयार नाही.

मित्रांनो, आम्ही वस्तू गोष्टीच्या शेवटी 'आम्हाला जपा' म्हणून हात जोडतो. मी जोडणार नाही. तुमच्याही कपाटात माझी एखादी बहीण कोरी पडून असेल. तिला बाहेर काढा. मळू द्या, फाटू द्या. फाटलेल्याला ठिगळ लावता येते. गोठलेल्याला लावता येत नाही.