मागच्या कव्हरवरचा म्हातारा

बायकोचा संशय घ्यावा असं खताचं दुकान चालवणाऱ्या कल्याणच्या घरात काही नव्हतं. आणि घ्यायचाच, तर तो माणूस साता समुद्रापलीकडचा, ऐंशी वर्षांचा, टक्कल पडलेला निघावा, हे म्हणजे अतीच झालं. पण जळफळाट व्हायचा तो व्हायचाच.

सुरुवात पुतणीनं केली. अक्षता जालन्याला कॉलेजात. सुट्टीत घरी वाटूरला येताना तिनं काकूसाठी एक भाषांतरित कादंबरी आणली. बर्फाच्या देशातला कुणी लेखक. दैवशालानं आधी नाक मुरडलं, त्यातली नावंच तिच्या जिभेवर बसेनात. मग तिनं दुसरी मागवली, मग तिसरी. तीन वर्षांत उठता-बसता "म्हातारा म्हणतो" सुरू झालं. कल्याण खताच्या दुकानातलं काही सांगायला लागला की मात्र बाईला जांभया. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर म्हाताऱ्याचा फोटो. कल्याण पुस्तक फोटो खाली करून ठेवायचा. संध्याकाळी बघावं तर फोटो परत वर.

"काय आहे एवढं त्याच्यात?" एकदा त्यानं विचारलंच.

"त्याला बायकांच्या मनातलं बराबर कळतं," ती म्हणाली.

झालं! कल्याणच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी तिचं वाचून झालेलं एक पुस्तक त्यानं गुपचूप दुकानात नेलं, म्हाताऱ्याच्या चुका काढायला. पहिली पन्नास पानं एक कोळीण नुसती मासे साफ करत होती. ह्याला काय लिहिणं म्हणायचं? पण हळूहळू असं व्हायला लागलं, की गिऱ्हाईक युरियासाठी ताटकळतंय आणि हा आपला पान उलटून राह्यला. लेकाचा लिहायचा मात्र झकास. आवडायला लागला म्हणून तर राग आणखीच वाढला.

मग ते पान आलं. कोळीण आपल्याकडच्या बायांसारखीच, सगळ्यांचं झाल्यावर एकटी चुलीपाशी जेवायची. सारा जन्म तसा गेल्यावर एक दिवस नवरा विचारतो, तू जेवलीस का? बस, एवढंच. त्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीच्या बोटांचे डाग होते, कागद हाताळून मऊ पडला होता. म्हणजे दैवशालानं हेच पान पुन्हा पुन्हा काढून वाचलं होतं. बावीस वर्षं तिच्या हातचं आपण खातोय, आणि तिचं दुखणं कळलं कुणाला, तर ह्या टकल्याला!

त्या दुपारी तो जेवायला घरी गेला. दैवशालानं नेहमीसारखं त्याचं एकट्याचं ताट वाढलं आणि भाकरी वाढायला शेजारी बसली. कल्याणनं घास हातातच धरला. लग्नात अंतरपाटामागं उभं राहतानाही काळीज एवढं धडधडलं नव्हतं.

"तू जेवलीस का?"

तिचा हात थांबला. त्याच्याकडं बघत ती हळूच म्हणाली, "कितव्या पानावर आलेत तुम्ही?"

कल्याणनं मान खाली घातली. ताट घे तुझं, एवढंच तो पुटपुटला. ती ताट वाढून घेऊन समोर बसली. तिचे डोळे भरून आले होते. ते आपल्यासाठी का त्या म्हाताऱ्यासाठी, हे विचारायची कल्याणची छाती झाली नाही.